केडगावची वाटचाल : शारदा सदन ते मुक्ती मिशन

पुणे–दौंड लोहमार्गावर केडगाव नावाचे स्थानक आहे. दौंड तालुक्यातल्या या गावाशेजारी पंडिता रमाबाई मुक्ती मिशन ही संस्था सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उभी आहे. निराधार स्त्रिया, पोरकी मुले, अंध बायका यांचे ते घर. मराठी ख्रिस्ती मंडळीत तारणाच्या, म्हणजे पापापासून सुटका मिळाल्याच्या, खात्रीचा विषय निघाला की केडगावचा दाखला सहज दिला जातो, आणि त्याला कारणही तसेच आहे. या संस्थेच्या बहुतेक टप्प्यांच्या आरंभी एखादे संकट आहे. दुष्काळ पडला तेव्हा ती वाढली, प्लेग आला तेव्हा ती हलली, आश्रयदाते सोडून गेले तेव्हा ती स्वतःच्या पायावर आली. सुखाच्या दिवसांत उभारलेली संस्था दुःखाच्या दिवसांत टिकली, असा हा प्रकार नव्हे. सुखाचे दिवस तिला फारसे मिळालेच नाहीत.

संस्थापिकेच्या आयुष्याचा आरंभही तसाच. रमाबाई डोंगरे यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे गाढे पंडित. पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवले आणि त्यासाठी धर्मपंडितांपुढे जाबही दिला. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या लेकीच्या पदरात घातली. पुढे कुटुंब रानातला आश्रम सोडून तीर्थयात्रेला निघाले, ते निघालेच. देवळांच्या ओवरीत पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर दिवस काढावेत आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा अनेक वर्षांचा क्रम होता.

१८७४ ते १८७७ या काळात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि हा क्रम तुटला. जवळची पुंजी नवससायास आणि दानधर्मात संपली होती. कष्टाचे काम करण्याची सवय नव्हती, भीक मागण्याची लाज होती. रानात पाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर अकरा दिवस काढल्याचे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. वडील गेले, काही महिन्यांत आई गेली, थोरली बहीणही गेली. आईचे प्रेत उचलायला चार माणसे हवी होती. ती मिळेनात. शेवटी दोघे ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. मसणवट सुमारे तीन मैलांवर होती. रमा अंगाने ठेंगणी. तिरडीची बाजू खांद्याला मिळेना म्हणून तिने ती डोक्यावर घेतली. संस्थेच्या इतिहासाची पहिली नोंद म्हणून हाच प्रसंग लिहायला हवा. दुष्काळात अन्नाला मोताद झालेल्या मुलीला काय वाटते, हे केडगावला पुढे कुणी शिकवावे लागले नाही.

बहीण-भाऊ चार हजार मैलांहून अधिक पायपीट करून १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी, मांडीवर दहा महिन्यांचे लेकरू, आणि रक्ताच्या जवळच्या माणसांत म्हणावे असे कुणी उरलेले नाही. या अवस्थेत त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन झाला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे पुस्तक निघाले, हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा करून १८८३ साली त्या वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. कानाने साथ दिली नाही. बहिरेपण वाढत गेले आणि डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या आश्रयास असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात या बातमीने खळबळ माजली. टीका करणाऱ्यांत सनातनी होते तसे सुधारकही होते. रमाबाईंनी वाद घालण्यात फार वेळ घालवला नाही. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्यांनी अध्ययन-अध्यापन केले. १८८६ साली त्या अमेरिकेत गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने. तिथून परतायला जवळजवळ तीन वर्षे लागली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध झाले, गावोगाव व्याख्याने झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. विधवांसाठी निवासी शाळा काढावी, असोसिएशनने दहा वर्षे तिचा खर्च उचलावा आणि शाळेत कुणावर धर्म लादला जाऊ नये, असे ठरले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. आरंभी विद्यार्थिनी दोन. पहिल्या विधवा विद्यार्थिनींमध्ये देवरूखच्या गोदूबाई होत्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या या बहिणीला नरहरपंत जोशी यांनी सदनात आणून सोडले. देवरूख हे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातले गाव. कोकणातल्या घराघरांतून माजघराच्या कोपऱ्यात बसलेल्या सोवळ्या बायकांची संख्या त्या काळी थोडी नव्हती. आगबोटीने मुंबई गाठणे बहुधा पुरुषांनाच जमे. त्यामुळे एका कोकणी विधवेने बोर्डिंगात राहून बाराखडी गिरवणे ही किरकोळ घटना नव्हती. याच गोदूबाईंचा ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्या आनंदीबाई झाल्या, बाया कर्वे झाल्या. त्या हिंदूच राहिल्या आणि कर्व्यांच्या हिंगण्याच्या अनाथ बालिकाश्रमासाठी आयुष्यभर झिजल्या. शारदा सदनाचे ऋण मोजताना हिंगण्याचे नाव घेतल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही, हे केडगाव आणि हिंगणे या दोन्ही ठिकाणच्या चरित्रकारांनी पुरेसे ठळकपणे लिहिलेले नाही.

१८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्यास हलले. मुंबईपेक्षा खर्च कमी आणि विधवांच्या माहेरच्या माणसांना येणे-जाणे सोपे.

याच सुमारास संस्थापिकेच्या मनात एक वेगळीच उलथापालथ चालू होती. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होत आली होती. ख्रिस्ती मताचा अभ्यास दांडगा होता, नीतिशास्त्र पटले होते, शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा अंतःकरणाला भिडली होती. तरी तारण आपल्याला मिळाले आहे काय, या प्रश्नावर मन ठाम उत्तर देईना. विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाद्र्याचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. पाद्री म्हणून वर्षानुवर्षे उपदेश केल्यावर, स्वतःच्याच व्यासपीठावर उभा असताना त्याला पहिल्यांदा कळले की आपण धर्म सांगतो आहोत, तारणारा मात्र आपल्याला भेटलेला नाही. रमाबाईंना त्यात स्वतःची गत दिसली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत कबूल केले आहे. १८९१ च्या आसपास त्यांचा हा शोध संपला. पापी म्हणून, काही न मिळवता, जसे आहोत तसे ख्रिस्तापुढे यावे आणि त्याने केलेले पुरे आहे यावर विश्वास ठेवावा, इतकीच ती गोष्ट. व्रतांचा आणि दक्षिणांचा हिशोब लहानपणापासून पाहिलेल्या, आणि तो हिशोब भरूनही आईबाप उपाशी मेलेले पाहिलेल्या बाईला ती समजायला इतकी वर्षे लागली, यात नवल नाही.

संस्थेच्या वाटचालीत या घटनेचे स्थान मोठे आहे. शारदा सदन स्थापन झाले तेव्हा संस्थापिकेपाशी विद्या होती, जिद्द होती, लोकांचा पाठिंबा होता आणि दहा वर्षांच्या पैशाची हमी होती. खात्री मात्र नव्हती. ती आली आणि पाठोपाठ बाकीचे आधार एकेक करून निसटू लागले.

पहिला आधार सुटला तो १८९३ साली. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झुकला. ‘केसरी’तून कडक टीका झाली. सदनाच्या सल्लागार मंडळावरचे न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी राजीनामे दिले आणि वीसहून अधिक मुलींना पालकांनी घरी नेले. दोन्ही बाजू समजून घेण्यासारख्या होत्या. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या, त्यांना फसवले गेल्यासारखे वाटले. रमाबाईंचे म्हणणे असे की कुणावर सक्ती नाही, पण आपण आपला देव कोंडून ठेवणार नाही. शाळा बंद पडेल असे पुण्यात बोलले जात होते. ती बंद पडली नाही, पण सुधारकांच्या वर्तुळातले तिचे स्थान कायमचे बदलले.

असोसिएशनच्या मदतीची मुदत १८९८ साली संपणार होती. शेतीच्या उत्पन्नावर शाळा चालावी म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. तिथे वस्ती करण्याचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. जमीन कोरडवाहू, भोवती उघडे माळरान.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वीचे सारे पुन्हा डोळ्यांपुढे आले आणि रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. मदत छावण्यांवर तरुण मुलींची काय विटंबना होते ते त्यांनी पाहिले. तीनशेच्या आसपास मुली आणि स्त्रिया त्यांनी गोळा करून आणल्या. या मुली शारदा सदनातल्यांसारख्या नव्हत्या. कित्येकींच्या अंगावर चिंधी नव्हती, डोक्यात उवा, अंगावर फोड. भुकेने काही इतक्या हिंस्र झाल्या होत्या की वाढलेले ताट पळवून नेत. जातीपातीचा प्रश्नच उरला नव्हता. ब्राह्मण विधवांची शाळा ही मर्यादा इथे संपली.

त्यांना आणावे तर पुण्यात प्लेग. १८९७ च्या आरंभी शहरात विलगीकरण आणि घरतपासणी सुरू झाली. नवीन मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुलींना तिकडे हलवले गेले. सिंधुदुर्गातल्या आचऱ्याच्या माणसाला गावपळण ठाऊक असते. रामेश्वराचा कौल होतो, माणसे गुराढोरांसह, कोंबड्यांसह वेशीबाहेर पडतात, तीन दिवस तीन रात्री खोप्यांत राहतात आणि पुन्हा कौल घेऊन घरी परततात. केडगावचे निघणेही बाहेरून तसेच दिसले असेल: गाठोडी, पोरे, चुली, उघड्यावरचे बिऱ्हाड. फरक इतकाच की गावपळणीत परत यायचेच असते आणि मागे आपले घर उभे असते. या मुलींना मागे काहीच नव्हते. तंबूतल्या पहिल्या पावसाळ्यात विहिरीचे पाणी, साप, ताप आणि रोजची अंत्ययात्रा यांतून वाट काढावी लागली. आणलेल्यांपैकी अनेकजणी आधीच इतक्या खंगलेल्या होत्या की अन्न मिळूनही वाचल्या नाहीत.

प्लेगच्या काळातच रमाबाईंनी सरकारशी भांडण घेतले. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची होणारी आबाळ आणि त्यांच्या अब्रूला असलेला धोका यांविषयी त्यांचे पत्र १८९७ च्या मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये छापून आले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोप फेटाळले. रमाबाई मागे हटल्या नाहीत. परलोकाच्या खात्रीने माणूस इहलोकातल्या अन्यायाकडे डोळेझाक करतो, असा आक्षेप ख्रिस्ती श्रद्धेवर नेहमी घेतला जातो. केडगावच्या बाबतीत तो टिकत नाही.

१८९८ साली रमाबाई अमेरिकेत गेल्या. जुन्या असोसिएशनची मुदत संपली आणि नवी संघटना स्थापन झाली. त्यांच्या गैरहजेरीत मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाई आणि सुंदराबाई पवार यांनी संस्था सांभाळली. सुंदराबाईंचे नाव मिशनच्या इतिहासात जरा मागे पडते. पण दुष्काळातल्या मुलींना न्हाऊ-माखू घालण्यापासून हिशेबापर्यंतची कामे अशा मराठी स्त्रियांनीच ओढली. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्ती सदनाचे रीतसर समर्पण झाले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन वेगळे निघाले. १८९९ साली मोठ्या प्रार्थनामंदिराची पायाभरणी झाली.

पैशाच्या बाबतीत संस्थेने आता वेगळा मार्ग धरला. ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर यांची अनाथालये, हडसन टेलर यांचे चीनमधील मिशन, जॉन पेटन यांचे पॅसिफिक बेटांवरचे काम, यांची वृत्ते रमाबाईंनी वाचली होती. ठरावीक वर्गणीची हमी न मागता, गरज देवापुढे मांडायची आणि येईल त्यात चालवायचे, ही ती पद्धत. व्यवहारी माणसाला ती धाडसाची वाटेल. कोठीत दोन दिवसांचे धान्य आणि जेवणारी तोंडे शेकड्यांनी, अशा वेळी ती चालवणाऱ्यालाही धाडसाचीच वाटत असणार. मात्र हिशेब चोख ठेवले जात आणि काम कुणालाही सुटत नसे. शेत, गोठा, घाणा, हातमाग, शिवण, धुणे, स्वयंपाक, सारे मुलींच्याच हातचे.

ही पद्धत लगेच कसोटीला लागली. १८९९–१९०० चा छपन्नाचा दुष्काळ गुजरात, काठेवाड, राजपुताना असा पसरला. मुक्तीतूनच तयार झालेल्या स्त्रिया तिकडे पाठवल्या गेल्या. ज्या काल कुणीतरी हाताला धरून आणलेल्या, त्याच आज दुसरीचा हात धरायला निघाल्या. केडगावची वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. एवढ्या माणसांना रोज दोन वेळ भाकरी म्हणजे किती दळण, किती पाणी, किती सरपण, याचा अंदाज लग्नाची पंगत उठवलेल्या कुणालाही करता येईल. त्यात भाषेचा गोंधळ: मराठी, हिंदी, गुजराती. वर्ग झाडाखाली भरत. मोठ्या बायका आणि लहान मुली एकाच पाटीवर एकच अक्षर गिरवत. मनोरमाबाईंनी अमेरिकेत ब्रेल शिकून घेतली होती. अंध स्त्रियांना ती शिकवली गेली आणि त्यांतल्या काही पुढे इतरांना शिकवू लागल्या.

१९०५ हे वर्ष मुक्तीच्या इतिहासात संजीवनाचे, म्हणजे धार्मिक जागृतीचे, वर्ष म्हणून नोंदले गेले आहे. १९०३ साली मनोरमाबाई आणि मिनी एब्रम्स ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या. मेलबर्नमध्ये घरोघरी चाललेल्या प्रार्थनामंडळांची माहिती त्यांनी आणली. पुढे वेल्समधल्या संजीवनाच्या बातम्या आल्या. १९०५ च्या जानेवारीत सत्तरजणी रोज सकाळी एकत्र प्रार्थनेला बसू लागल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. जूनच्या अखेरीस वसतिगृहातून रडण्याचे, पश्चात्तापाचे, मोठ्याने प्रार्थनेचे आवाज उठू लागले आणि काही काळ वर्गही नीट भरेनात. जवळपासच्या मिशनऱ्यांपैकी काहींना हा उन्माद वाटला आणि त्यांनी तसे लिहिले. रमाबाई स्वतः बाह्य लक्षणांना तारणाची कसोटी मानत नव्हत्या. मुलींचे भांडणतंटे मिटतात काय, चोरलेली वस्तू परत येते काय, आजाऱ्याची सेवा कोण करते, इकडे त्यांची नजर असे.

तरीही त्या महिन्यांत जे घडले त्याचा अर्थ लावताना या मुली कोण होत्या हे विसरून चालत नाही. दुष्काळात आईबाप, भावंडे मागे टाकून आलेल्या, काही विकल्या गेलेल्या, काही टाकून दिलेल्या. आपण पापी म्हणूनच आपल्यावर हे ओढवले, असे त्यांना जन्मापासून ऐकवले गेलेले. विधवेला तर नवरा खाल्लेली म्हणूनच ओळखले जाई. ख्रिस्ती माणूस खात्रीचा आधार शोधतो तेव्हा तो रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाकडे वळतो. दुःख, उपासमार, नग्नता, तलवार यांची तिथे यादीच आहे, आणि यांतले काहीही देवाच्या प्रीतीपासून तोडू शकत नाही असे सांगितले आहे. शहरातल्या मंडळीला त्या यादीतली उपासमार अलंकारिक वाटते. मुक्तीतल्या मुलींना ती नावानिशी माहीत होती. दुःख म्हणजे देवाने टाकल्याची खूण नव्हे, हे त्यांना कळले तेव्हा त्या मोकळेपणाने रडल्या, यात अनाकलनीय असे काही नाही.

मिनी एब्रम्स यांनी १९०६ साली या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. तिची प्रत त्यांच्या जुन्या मैत्रिणीमार्फत दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत पोहोचली आणि १९०९ साली वाल्पाराइसो शहरात जी चळवळ उभी राहिली तिच्या उगमाशी केडगावचे नाव जोडले गेले. दौंड तालुक्यातला माळ आणि प्रशांत महासागराचा किनारा यांचा असा संबंध मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत आहे.

रमाबाईंच्या अखेरच्या अठराएक वर्षांचे मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. खेड्यातल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बाईला कुणाला न विचारता समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. त्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. ऐकू येत नव्हतेच. त्याचा एक फायदा असा की आसपास दीड-दोन हजार माणसांचा गलबला असताना त्या एकाग्र होऊन लिहू शकत. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात चाले. देवनागरी खिळे जुळवणे हे सोपे काम नव्हे. अखंड अक्षरे वेगळी, अर्धी वेगळी, मात्रा-वेलांट्या वेगळ्या, आणि सगळे उलटे वाचायचे. खिळ्यांच्या पेटीपाशी उभी राहून एकेक खिळा जुळणीच्या पट्टीत बसवणारी बाई काही वर्षांपूर्वी ‘ग’ आणि ‘म’ ओळखत नसे. जुळणी तिची, मुद्रिते तपासणारी दुसरी, यंत्र चालवणाऱ्या, घड्या घालणाऱ्या, बांधणी करणाऱ्याही बायकाच. छापखाना हा पुरुषांचा धंदा असलेल्या काळात एवढा मोठा ग्रंथ आरंभापासून पुठ्ठ्यापर्यंत स्त्रियांच्या हातून तयार झाला. मराठी मुद्रणाच्या इतिहासात याची नोंद हवी तेवढी झालेली नाही.

१९१९ साली सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. ज्यांच्यावर त्यांनी बावीस वर्षांपूर्वी जाहीर आरोप केले होते त्याच सरकारने.

शेवटचा घाव १९२१ सालचा. २४ जुलै रोजी मनोरमाबाई वारल्या. वय चाळीस. शारदा सदनाच्या मुख्याध्यापिका, आईचे कान, पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या, पुढची धुरा ज्यांच्याकडे जायची हे सर्वांनी गृहीत धरलेले. रमाबाईंची प्रकृती आधीच ढासळली होती. त्यांनी काम थांबवले नाही. भाषांतराची अखेरची तपासणी पुरी करण्याइतका अवधी मिळावा एवढीच त्यांची प्रार्थना होती, असे त्यांच्या सहवासातल्या माणसांनी सांगितले आहे. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

संस्थापकामागे संस्था विस्कटतात. मुक्तीचे तसे होईल असे अनेकांना वाटले होते. धुरा संस्थेतल्या कार्यकर्त्या मिस हेस्टी यांच्याकडे आली. मोठ्या व्यक्तीच्या मागे येणाऱ्याच्या वाट्याला कौतुक थोडे येते. त्यांचेही काम शांतपणे चाललेले, म्हणून इतिहासात चार ओळींचे. पण ती वर्षे निभावली म्हणून पुढचे सारे शक्य झाले. स्वातंत्र्यानंतर परदेशी कार्यकर्त्यांची संख्या घटत गेली आणि कारभार हळूहळू भारतीय हातांत आला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन, अमेरिका येथील मंडळ्यांनी प्रार्थना आणि देणग्यांचा आधार दिला. मोठमोठ्या वसतिगृहांच्या जागी कुटुंबपद्धती आली: एका घरात एक आई आणि वेगवेगळ्या वयाची मुले, एक चूल, एक जेवणघर. दीड-दोन हजारांची पंगत इतिहासजमा झाली आणि ते बरेच झाले. दुष्काळात एकदम आलेल्या शेकडो मुलींसाठी जी व्यवस्था लागते ती एखाद्या टाकून दिलेल्या तान्ह्या मुलासाठी उपयोगाची नसते.

२६ ऑक्टोबर १९८९ रोजी भारत सरकारने रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. शारदा सदनाला त्या वर्षी शंभर वर्षे झाली होती. १८९३ साली ज्या महाराष्ट्राने त्यांना परके ठरवले त्याच महाराष्ट्राच्या विद्यापीठांतून आज त्यांच्यावर प्रबंध लिहिले जातात. त्यांतल्या बहुतेकांत रमाबाईंचे समाजकार्य विस्ताराने येते आणि त्यांची श्रद्धा एका परिच्छेदात आटोपली जाते. मुक्तीच्या परिसरात मात्र या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. शाळा, दवाखाना, शेत, अंध स्त्रियांचे घर आणि प्रार्थनामंदिर एकाच कुंपणात आहेत.

निराधार होण्याची कारणे आता तीच राहिलेली नाहीत. येणारी मुले तुटलेल्या घरांतून येतात, व्यसनातून, रोगातून, मुलगी नको म्हणून. टाकलेल्या स्त्रिया येतात त्या वेगळ्या नावांनी, पण गाऱ्हाणे बहुधा जुनेच. मुलांची संगोपनगृहे चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेला आता बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या चौकटीत काम करावे लागते. बालकल्याण समितीचे आदेश, नोंदवह्या, तपासण्या, दत्तकविधानाचे नियम यांची जोड रोजच्या कामाला आहे. परदेशी देणग्यांचे नियमही कडक झाले आहेत. इथे वाढलेल्या मुली परिचारिका होतात, शिक्षिका होतात, संसाराला लागतात, आणि काही शिक्षण संपवून पुन्हा केडगावलाच कामाला येतात. येणाऱ्या नव्या मुलाला पहिल्या दिवशी आंघोळ घालणे, केस कापणे, नवे कपडे देणे आणि पोटभर जेवू घालणे, ही कामे त्यांच्याकडे असतात.